समजणारा माणूस

"तुमच्यात कोणी समजणारा माणूस आहे का? त्याला घेऊन या."

डॉक्टर हे माझ्याकडे न बघता बोलले. बघितलं ते केसपेपरवरच्या आमच्या आडनावाकडे. तुमच्यात. बाजूला उभी असलेली शिकाऊ पोरं हसली. माझी बायको रंजना व्हीलचेअरवर. पाचवा महिना. डोक्यात गाठ. डाव्या डोळ्याचं दिसणं कमी होत चाललेलं. तिच्याकडे तर कोणी बघितलंही नाही.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. लग्न असो, जयंती असो, माइकवर मीच. माझं "हॅलो चेक" चार गल्ल्यांना ऐकू जातं. आणि तिथे? तिथे मी म्हणालो, "हो साहेब, आणतो." वर हातही जोडले.

आणला कोण, तर माझा साडू. मिहानमधल्या एका मोठ्या कंपनीत कामाला. गळ्यात कंपनीचं कार्ड. तो तिथल्या कँटीनमध्ये आहे हे मला माहीत होतं, पण कार्ड इतकं चकचकीत की मीच भुललो. वाटेत बजावलं त्याला, शर्ट आत खोच, कार्ड बाहेर ठेव, समजल्यासारखा बस.

जादूच झाली. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली. इंग्रजीत बोलले. साडूची मान हलत होती. "ओके सर. येस सर. ओके." मी भिंतीला टेकून उभा, छाती फुगलेली. रंजना बाहेर, दाराशी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणे गा डॉक्टर?"

साडूने घाम पुसला. "खोटं नाही बोलत, भाऊ. मले 'ऑपरेशन' आन् 'बेबी' एवढंच समजलं."

"मंग ओके काहून म्हणून राहिला होता?"

"तुमीच तं म्हणलं, समजल्यासारखा बस."

एरवी हा किस्सा मी माइकवर सांगितला असता. त्या वेळी एकच कळलं. आपण हो म्हणून आलो. कशाला हो? बाळाचं काय करणार? हिच्या डोक्याचं काय?

रंजनाने सगळं ऐकलं होतं. "डोकं माहं, पोट माहं, आन् ओके भाऊजीचं? लोटा मले आत."

लोटली. शिपाई आडवा आला, "झाला तुमचा नंबर." मी तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो फाटका, चिरका. पण निघाला.

"साहेब, समजणारा माणूस मी आहे. आणि ही. मराठीत सांगा."

"आता वेळ नाही."

"आमाले हाय," रंजना म्हणाली. "ऐकल्याबिगर उठत नाही मी."

मग डॉक्टरांनी सांगितलं. मराठीत, चार वाक्यांत झालं. गाठ डोळ्याच्या नसेवर दाबते आहे. बाळंतपणापर्यंत थांबलं तर नजर जाईल, झटकेही येतील. आणि साडूने होकार दिला होता तो आधी गर्भ पाडायला.

रंजनाने पोटावर हात ठेवला. "लेकरू ठेवून नाही होत का ऑपरेशन?"

"होतं. या महिन्यात करता येतं. पण धोका दोघांनाही आहे."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमच्या माणसाला सांगितलं होतं."

"मले नाही सांगतलं."

लेकरू ठेवायचं, तिने ठरवलं. सही तिने केली. एका डोळ्याने, वाकडी.

आज ती ऑपरेशनसाठी आत आहे. सकाळी तिचे केस काढले. माझ्या टकलाकडे बघून म्हणाली, "आता जोडी जमली." हसलो दोघं. मग स्ट्रेचर वळलं आणि मी मटकन खाली बसलो. घाबरलो आहे, लपवत नाही. दार हललं की मान तिकडे वळते. बाहेर कोण येईल, काय सांगेल, ठाऊक नाही. दोघंही राहतील का, ठाऊक नाही.

पण डॉक्टरने बाहेर येऊन विचारलं की समजणारा कोण, तर मी उठणार. हात जोडणार नाही. आणि मला समजेपर्यंत त्याला परत आत जाऊ देणार नाही.