एक नंबर कुणाचा

"जगात ज्याची त्याची जागा ठरेल राह्यते," असं तत्त्वज्ञान आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात एकच माणूस सांगायचा. तेही टेबलाखाली वाकून, हातात वायर धरून. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. कॉलेजातल्या कॉम्प्युटरना नंबर देणं हे त्यांचं काम, दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या कंत्राटावर.

नंबर म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. तो आपोआपही मिळू शकतो. भाऊंना ते पसंत नव्हतं. "आज प्रिंटर एका पत्त्यावर, उद्या दुसऱ्या. धुंडन कोन त्याले?" भिंतीवरच्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, ते स्वतः नोंद करत, तेव्हाच कॉम्प्युटरला इंटरनेट मिळे. मग त्याच्या पाठीवर ऑइलपेंटने नंबर घालत, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालावं तसा.

नवे प्राचार्य आले. आधी खुर्ची बदलली, मग पाटी. मग त्यांनी भाऊंना बोलावलं. मी ऑफिसातला क्लार्क, सहीसाठी फाइल घेऊन उभा होतो.

"माझ्या कॉम्प्युटरचा नंबर काय?"

"चौदा, सर."

"एक नंबर कुणाचा?"

"भिंतीवरच्या डब्याचा. साऱ्याइचं इंटरनेट त्याच्यातूनच जाते."

"कॉलेजचा प्रमुख कोण? मी की डबा?"

भाऊंनी खरोखर विचार केला. "कॉलेजचे तुमी, सर. नेटवर्कचा तो."

बाहेर हेडक्लार्कने त्यांचा दंड धरला. "देऊन टाक ना बे! कंत्राटावर सही कोनाची हाय?"

"एका नंबरावर दोघं बसले तं सारंच बंद पडते. परीक्षेचे फॉर्म चालू हायेत. पोराइचं वर्ष जाईन, त्याचं काय?"

फॉर्म सगळे वेळेवर गेले. कंत्राटावर सही झाली नाही.

शेवटच्या दिवशी भाऊंनी डब्याचा पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घालून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा नंबर तेवढा थिनरने पुसला. "रिकामी जागा कोनाच्या तरी कामी येते," म्हणाले, आणि मेहकरच्या गाडीत बसले. आता जानेफळला, गावी असतात.

महिन्याभरात प्राचार्यांना नवा कॉम्प्युटर आला. नोंद नाही, म्हणून इंटरनेट नाही. मी भाऊंना फोन लावला. "पाकिटात हाय ना सारं," ते म्हणाले. "सरांची तब्येत बरी हाय ना?"

पाकीट मी पाहिलंय. त्यावर आवक क्रमांक नाही, म्हणून ते अजून उघडलेलं नाही. प्राचार्य ईमेल बघायला माझ्या टेबलावर येतात. माझा नंबर एकतीस.