फुकटची पुस्तकं आणि मायचा हुंकार

चोरीचा माल मी घेत नाही. दुकानात नाही, तसा फोनमध्येही नाही. मायसाठी मी फोनवर फुकटची पुस्तकं शोधते आहे हे कळल्यावर नातेवाइकांनी ढिगानं फायली पाठवल्या. एक उघडली. लेखिका जिवंत, पहिल्याच पानावर तिची विनंती की परवानगीवाचून कुणी वाटू नये, अन् त्या विनंतीच्या डोक्यावरच जुगाराची जाहिरात चिकटवलेली. म्हटलं, वा रे वा! उद्या माझ्या दुकानातला तेलाचा डबा उचलून गावभर वाटाल अन् वर पुण्य केलं म्हणाल. साऱ्या फायली पुसून टाकल्या.

पण पुस्तकं तर हवीच होती. मायला लकवा मारून गेला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. नजर त्याआधीच काचबिंदूनं नेली होती. आदिलाबादचे डॉक्टर तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाले, "अम्मा सब सुनती है. बात करते रहो. चुप छोड़ दिया तो अंदर ही अंदर चली जाएगी." बोलणं परत येईल का विचारलं, तर त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. मला एवढंच हवं होतं, की तिनं एकदा, एक तरी शब्द माझ्याशी बोलावा. शिवी दिली तरी चाललं असतं. शिव्यांत तर ती पटाईत होती.

आता रोज बोलायचं काय? गिऱ्हाइकापुढं माझी टकळी थांबत नाही, पण मायच्या खाटेपाशी बसलं की साबण महागला अन् उंदरानं पोतं कुरतडलं, यापुढं गाडी जाईना. मायला वाचनाचं भारी वेड. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तिनं कधी फेकला नाही. तेव्हा ठरवलं, वाचून दाखवायचं. पण आमच्या भीमपूरकडच्या गावांत शाळा तेलुगू, वाचनालयातले पेपर तेलुगू. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात मराठी दुकानं आहेत, पण त्यांत गाईडं अन् पंचांगं. राहिला फोन.

शोधता शोधता मी तरबेज झाले. लेखक वारून साठ वर्षं उलटली की पुस्तक साऱ्यांचं होतं, हा कायदा मला आधी कुठं ठाऊक होता! अशी जुनी पुस्तकं सरकारी अन् सेवाभावी मंडळींनी पानापानाचे फोटो काढून नेटवर ठेवलेली असतात. काही लेखक आपण होऊन फुकट देतात. काही प्रकाशक सणासुदीला ई-पुस्तक चहा-भज्यांच्या पैशांत सोडतात, ते मी खुशाल विकत घेते. अन् काही ठिकाणी पुस्तक उसनं मिळतं; मुदत संपली की आपोआप मिटतं. परत मागायला कुणी दारात उभं राहत नाही, हे मला फार आवडलं.

जुन्या पुस्तकांचं एक मात्र खटकायचं. फोटो काढणाऱ्याचा अंगठा कधीमधी पानाच्या कडेला आलेला असतो. कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही. एका पुस्तकात तो अंगठा पानागणिक थोडा थोडा आत येत होता, पार ओळींवर चढला होता. मी वैतागून मोठ्यानं म्हटलं, "अवो, हात काढा नं बाप्पा!" अन् पुढचं पान लावलं, तर अंगठा नव्हता. त्याच्या पुढच्याही पानावर नव्हता. योगायोगच, दुसरं काय! पण ते पुस्तक मी पुन्हा उघडलं नाही.

आमच्याकडं गोष्ट सांगायची तर हुंकार देणारा लागतो. सांगणारा वाक्य संपवतो, ऐकणाऱ्यांतलं एक जण "हं" म्हणतं, तेव्हा गोष्ट पुढं सरकते. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. माय त्यातली वस्ताद. लग्नाकार्यात गोष्टी रंगल्या की हुंकाराला तिलाच पुढं बसवत. मी वाचायला लागले त्यानंतर कितीतरी दिवस ती नुसती पडून असायची. मग एका दुपारी माझं वाक्य संपलं अन् खाटेवरून आलं, "हं." बारीक, पण नेमक्या जागी. मी फोन टाकून भोकाड पसरलं. शेजारची मावशी धावत आली, तिला वाटलं माय गेली. "मेली नाई व मावशी, हुंकार देऊन राह्यली!" मी ओरडले. त्या दिवशी दुकानावर आलेल्या प्रत्येकीला मी गूळ दिला.

चुकलं ते यापुढं. कापूस वेचणीचे दिवस होते. शेतात निघालेल्या बायांची सकाळी दुकानावर झुंबड उडायची, मला खाटेपाशी बसणं जमेना. उसन्या पुस्तकांत काही आवाजातलीही मिळतात. तसलं एक लावून मी फोन मायच्या उशाशी ठेवला अन् पुढच्या खोलीतल्या दुकानात येऊन बसले. आत फोनमधली बाई वाक्य म्हणायची, त्यामागून मायचा "हं" यायचा. तो कानावर आला की मी निर्धास्त वजनं करायचे. डोकं चालवलं म्हणून मी स्वतःवर खूशसुद्धा होते.

असंच एकदा झुंबड सरली, गाव रिकामं झालं. दुपारी गावात चिटपाखरू नसतं त्या दिवसांत. मी बरण्या पुसत होते. आतून हुंकार येत होता. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की नुसता हुंकारच येतोय.

आत गेले. फोन गप्प होता. उचलून पाहिला तर पुस्तकाची मुदत संपून ते मिटलेलं. कधी मिटलं होतं कोण जाणे. मायचं तोंड फोनकडं नव्हतंच. पलीकडच्या कोपऱ्याकडं होतं, जिथं नुसती भिंत. ती थांबायची, अन् म्हणायची, "हं." पुन्हा थांबायची. एका वाक्याला लागेल तेवढंच थांबायची. मध्येच गोष्ट रंगात आल्यावर म्हणतात तसं घाईघाईनं "हं, हं" म्हणाली, अन् तिच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

"माय," मी म्हटलं, "कोण सांगून राह्यलं व तुले?"

तिच्या कपाळाला आठी पडली. कुणी मध्येच बोललं की पडते तशी. जरा थांबून ती कोपऱ्याला म्हणाली, "हं."

मी मावशीला हाक मारली. मावशी दारातच उभी राहिली, आत पाऊल टाकेना. "फोनले कायले बसवलं व सांगाले?" ती हळूच म्हणाली. "हुंकार असा उघडा ठेवू नाई, पोरी. समोर सांगणारं माणूस नसलं, का तो आपला सांगणारा धुंडते." माझं डोकंच फिरलं. "मावशी, तुमी घरी जा," मी तोंडावर सांगून टाकलं. पण कोपऱ्याकडं पाठ करायची माझी हिंमत झाली नव्हती, अन् ते मावशीनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकानाला कुलूप. मी स्वतः वाचायला बसले. हसवणारी पुस्तकं आणली, रडवणारी आणली, फुकटचं सारं धुंडाळलं अन् नवीन विकतही घेतली. माय हुंकार देत होती, पण माझ्या वाक्याच्या मध्येच. माझं वाक्य लांबलचक, अन् तिचा "हं" लवकर; दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य छोटं होतं. घसा माझा, मेहनत माझी, अन् हुंकार भलत्याला! मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागाच्या खाली नुसती भीती होती. डॉक्टरांचं "अंदर ही अंदर" राहून राहून आठवायचं. माय आत चालली होती, अन् कुणीतरी तिला गोष्ट सांगत सांगत नेत होतं. ती गोष्ट संपली की माय माझी राहणार नाही, हे मला पक्कं कळलं होतं. ती गोष्ट मायच्या कानावर पडूच द्यायची नाही, एवढं मी ठरवलं.

मग मी जोरात वाचायला लागले. तेवढ्यानं भागेना म्हणून दुकानातला जुना फोन आणला, त्यावर आवाजाचं पुस्तक लावलं, अन् त्याच्या वरताण मी वाचू लागले. दोन गोष्टी एकात एक. कशाचा अर्थ लागत नव्हता. शब्द पाहून नुसती ओरडत होते. मायची आठी वाढत गेली. तिचा डावा हात गोधडीतून वर आला, हवेत चाचपडला, अन् माझं मनगट त्याला सापडलं. पकड अशी, की मी वाचता वाचता थांबले.

"चूप," माय म्हणाली.

जीभ जड होती, ओठ एका बाजूला ओढले जात होते. तरी शब्द स्वच्छ होता. मग दम घेऊन, अगदी तिच्या जुन्या चिडक्या आवाजात, "आयकू दे नं."

मी जुना फोन बंद केला. हातातलाही बंद केला. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा नव्हता. कान देऊन मी कोपऱ्याकडं पाहत राहिले. मला काही ऐकू आलं नाही. अंगावर सर्रकन काटा आला होता, अन् तरी आतून हसू फुटत होतं, कारण माय बोलली होती. गप्प बस म्हणाली, पण मलाच म्हणाली नं! हवा होता तो शब्द मला मिळाला होता, अन् त्याच्यापुढं वाद घालायची माझी छाती नव्हती. मी हूं की चूं न करता बसून राहिले. मायचा "हं" येत राहिला, हळू, मग आणखी हळू, अन् गोष्ट संपेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.