तिसऱ्या उकळीचे युसूफ मामू

मामू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चहा होता. सकाळचे अकरा वाजलेले, टेबलावर वाट्या ओळीनं मांडलेल्या, आणि मी सातव्या वाटीचा भुरका मारून चहा जिभेवर घोळवत होते. पलीकडून त्यांचा भाचा बोलत होता, "सुनंदाताई, मामू गेले... नाश्त्याला बसल्ते, बसल्या जागीच गेले." आमच्या कामात चाखलेला चहा गिळत नाहीत, बाजूच्या पिकदाणीत थुंकतात. मी गिळला. तशीच चपला सरकवून निघाले. आता त्याला दीड महिना होईल, चाळिसावाही झाला, आणि भेटेल तो मला सांगतो की बाई, रडू आवर, वय झालं होतं त्यांचं. अहो, रडतंय कोण? मला राग येतो. सकाळी उठल्यापासून डोक्यात राग असतो आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही.

राग कशाचा ते आधीच सांगते. युसूफ मामू जालन्यात आमच्या चहा पॅकिंगच्या कंपनीत तीसेक वर्षं चहा चाखायचे. कुठली पत्ती किती घ्यायची, इलायची किती, सुंठ किती, हे सगळं त्यांच्या जिभेवर ठरायचं. आणि शेवटची दोन वर्षं त्याच मामूंबद्दल जिल्हाभर एकच बोललं गेलं, की मामूंची जीभ गेली. मोंढ्याच्या बाजारात तेच, टपऱ्यांवर तेच. ज्यांनी हे उठवलं त्यांनीच मागच्या रविवारी याच पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात दिली. मामूंचा फोटो, फोटोला हार, खाली 'आमच्या चवीच्या उस्तादांना आदरांजली', आणि त्याच्याही खाली कंपनीच्या नव्या इलायची चहाचं पाकीट! लाजच सोडली यांनी. जिवंतपणी ज्याला चारचौघांत खाली बघायला लावलं, तो मेल्यावर पाकिटं खपवायला चालतो. संपादकांना म्हटलं, ती जाहिरात छापलीत ना, मग माझंही छापा.

चहा चाखायची रीत तशी सगळीकडे सारखीच. पत्ती तोलायची, उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं. मग रंग बघायचा, भिजलेल्या पत्तीचा वास घ्यायचा आणि चमच्यानं असा भुरका मारायचा की शेजारच्या खोलीत ऐकू जावा. मामू एवढ्यावर कधी थांबले नाहीत. म्हणायचे, "आपलं गिऱ्हाईक असा चहा पितंय का? आपला माल टपरीवर जातो. तिथं पातेलं सकाळधरनं उकळून राह्यलेलं असतं." म्हणून ते पुढं टपरीसारखाच चहा करायचे. दूध-साखर घालून पहिली उकळी, चव घ्यायची. अर्धा तास मंद आचेवर ठेवून दुसरी. आणखी अर्ध्या तासानं तिसरी. तिसऱ्या उकळीला तोंड वाकडं झालं नाही तरच कागदावर 'मंजूर' आणि खाली सही. साध्या चहाला एकवेळ सूट मिळायची, पण इलायची, आलं, मसाला घातलेल्या चहाला बिलकुल नाही. "वासाचा चहा पहिल्या उकळीला नव्या नवरीसारखा असतो पोरी, सगळ्यांनाच आवडतो," असं म्हणायचे. "नांदायला कसा हाय ते तिसऱ्या उकळीला कळतं."

आणि पाणी! कंपनीत मशीनचं गोड पाणी नळाला असताना हा माणूस महिन्यातून दोनदा एस.टी.नं जायचा आणि पाण्याचे कॅन भरून आणायचा. तीर्थपुरीचं वेगळं, जांब समर्थचं वेगळं, अंतरवाली सराटीच्या बोअरचं वेगळं. जड पाण्यात चहा काळवंडतो, वर तवंग येतो, वास दबून जातो, म्हणून जिथला माल तिथल्या पाण्यात चाखायचा. अंतरवालीचा एक टपरीवाला त्यांना बघितलं की ओरडायचा, "आले, आले! मामू, चहा प्यायला आलेत का पाणी चोरायला?" मामू म्हणायचे, "चहा तुझा पिण्यासारखा असता तर पाणी कशाला नेलं असतं?" मग दोघं हसत बाकड्यावर बसायचे आणि टपरीवाला स्वतःच कॅन भरून द्यायचा.

मी तीर्थपुरीची. लग्नानंतर जालन्यात आले आणि पाकिटं सील करायच्या विभागात कामाला लागले. एके दिवशी सुंठेच्या चहाचा नवा घाणा मिसळून आला आणि मला राहवलं नाही. मशीनवाल्यावर ओरडले, की अरे सुंठेला बुरशीचा वास येतोय, लोकांच्या पोटात घालता का हे? तो म्हणाला, बाई, तुम्ही पाकिटं चिकटवा. मामू मागंच उभे होते. त्यांनी मूठभर माल घेतला, हुंगला आणि घाणा थांबवायला लावला. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावून सहा वाट्या पुढं ठेवल्या, कशात काय घातलंय ते ओळख म्हणाले. मी चार बरोबर सांगितल्या, दोन चुकले. मामू म्हणाले, "दोन चुकली ते बरं झालं. सहाच्या सहा सांगितल्या असत्या तर माझं ऐकलं नसतंस." तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाशी बसू लागले. घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बाईमाणूस दिवसभर भुरके मारतंय आणि पचापचा थुंकतंय, म्हणे याचा पगार मिळतो! त्यांनाही मामूंनीच गप्प केलं, घरी येऊन, त्यांच्या हातचा चहा पिऊन आणि दूध म्हशीचं असून त्यात पाणी किती आहे ते सांगून. सासूबाई महिनाभर दूधवाल्याशी भांडल्या आणि मला काही बोलल्या नाहीत.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग धाकटे मालक कारभार बघायला लागले आणि त्यांनी इलायचीच्या अर्काची बाटली आणली. खरी इलायची कुटून घालायची तर महाग, बाटलीतले चार थेंब घातले की काम झालं. पाकीट फोडलं की वास दारापर्यंत जायचा. धाकटे मालक खुश. "बघा मामू, अख्खी खोली भरली." मामू म्हणाले, "खोली कोण पितंय?" त्यांनी तीन उकळ्या घेतल्या. दुसऱ्या उकळीला वास उडाला, तिसरीला तर साबणाचा फेस तोंडात गेल्यासारखं झालं. त्यांनी सही केली नाही. पुन्हा नमुना आला, पुन्हा केली नाही. मग भाचीच्या लग्नाला ते चार दिवस हैदराबादला गेले. जाताना मला म्हणाले, "नवा नमुना येईल. जड पाण्यात टाक, तिन्ही उकळ्या बघ, लिहून ठेव. जल्दी करू नको. सही मी आल्यावर बघीन."

आता जे लिहिते ते लिहायला मला दोन वर्षं लागली. नमुना आला तेव्हा धाकटे मालक स्वतः टेबलाशी उभे राहिले. धमकी वगैरे काही नाही, उलट गोडच बोलले. "सुनंदाबाई, तुम्हाला कायम करायचा कागद बाबांच्या टेबलावर आहे. खाली गाडी उभी आहे, तेवढं बघून घ्या." मी मशीनच्याच पाण्यात चहा केला, दूध-साखर घालून पहिली उकळी घेतली. वास छान होता, खरंच छान होता. ते घड्याळ बघत होते. तिसऱ्या उकळीला अजून एक तास होता... मी पहिल्या उकळीवर 'मंजूर' लिहिलं आणि सही केली. घाई झाली, दबाव होता, ही सगळी कारणं मी स्वतःला हजारदा सांगून झालीत. मला माहीत होतं मी काय करतेय. मला ती नोकरी कायम हवी होती, बस्स.

माल गेला आणि महिन्याभरात परत आला. घनसावंगीकडच्या टपरीवाल्यांनी पाकिटं दुकानदारांच्या अंगावर फेकली, चहा सकाळी बरा आणि दुपारी साबण, गिऱ्हाईक शिव्या देतंय म्हणून. कंपनीनं सगळ्या दुकानदारांना बोलावलं. भरल्या खोलीत धाकटे मालक उठले आणि हसत हसत म्हणाले, "काय करणार मंडळी, मामूंचं वय झालं. जीभ गेली त्यांची, आम्हालाच उशिरा कळलं." कागद त्यांच्याच खणात होता, सही कुणाची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मामू म्हातारे झाले असं दाखवायचं होतं आणि अर्काला मोकळं रान हवं होतं, दोन्ही एकदम झालं. मामूंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होते. मग ते म्हणाले, "हौ. चूक माझीच." शाल दिली, नारळ दिला, तिथंच घरी बसवलं, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते!

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, मामू, हे काय केलंत? ते म्हणाले, "माझी नोकरीची दोन वर्षं राहिली होती, तुझी तीस हायत. अन् तुझी सही निघाली असती तर म्हणले असते, बघा, पाकिटं चिकटवणारीला टेबलाशी बसवलं की असंच होतं. मंग पुन्हा कुणाला बसवलं नसतं." मी काही बोलणार तर म्हणाले, "विषय संपला." आणि खरंच संपवला. पुढं मी रविवारी डब्यातून नमुने घेऊन त्यांच्या घरी जायची. मुमानी, म्हणजे त्यांची बायको, आत स्वयंपाकात असायच्या आणि आम्ही अंगणात स्टोव्ह पेटवून तिन्ही उकळ्या घ्यायचो. त्यांची जीभ तशीच, सुरीसारखी. पत्ती एक मोसम जुनी असली तरी सांगायचे. मी कधी तो विषय काढायला गेले की म्हणायचे, "आच कमी कर." मीही आच कमी करायची. सोयीचंच होतं ना मला ते.

एकदा आम्ही दोघं मोंढ्यातल्या टपरीवर उभे होतो. तिथल्या एकानं कप त्यांच्या हातात दिला आणि बाकीच्यांकडं डोळा मारत विचारलं, "मामू, साखर हाय का न्हाई एवढं तरी सांगा!" सगळे हसले. मामूही हसले आणि म्हणाले, "तुम्ही घातली असेल तर असेल बाबा." मी तिथं उभी होते. एका वाक्याचं काम होतं. त्या टपरीवर मी ते वाक्य बोलले असते तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोंढ्यात गेलं असतं. नाही बोलले. घरी येऊन लेकरांवर ओरडले.

ती जाहिरात आली तशी मी मालकांकडं गेले नाही, मुमानींकडं गेले. त्यांनी पेपर घडी करून ठेवला होता. मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बेटी, एक विचारू? सच सांगशील? त्यांची जबान खरंच गेल्ती का?" मी ग्लास खाली ठेवला. त्याच पुढं सांगायला लागल्या. लग्नापासून त्यांचा रिवाज होता, सालन, म्हणजे रस्सा, उतरवायच्या आधी चमचाभर मामूंच्या हातावर घालायचं आणि विचारायचं, मीठ बराबर हाय का. कंपनीतून ते तसे परत आले आणि मुमानींनी विचारणं बंद केलं. उगीच त्यांना लागेल, चारचौघांत झालं ते घरात पुन्हा नको, म्हणून. "दोन वर्षं विचारलं न्हाई गं. अन् एकदा तर मी मीठ घालायलाच विसरले. ते गुमान जेवले, बोटं चाटून जेवले. मी नंतर बसले, पहिला घास घेतला तर पाण्यासारखं अळणी! त्या दिवशी माझी खात्री झाली, की गेली म्हणून. मोरीत जाऊन रडले मी."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, नमुना, घड्याळ, सही, जिना. मला वाटलं त्या रडतील, मला शिव्या देतील, घराबाहेर काढतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मी पाय धरायला वाकले तर पाय मागं घेतले आणि म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी घरातली. त्यांना जिथं बोलले तिथं जाऊन सांग. सगळ्यांना सांग."

म्हणून सांगते. मोंढ्यातल्या दुकानदारांनो, टपरीवाल्यांनो, त्या खोलीत टाळ्या वाजवणाऱ्यांनो, त्या घाण्याच्या कागदावर मामूंची सही नव्हती. माझी होती. कायम झालेली नोकरी आता राहायची नाही, न राहो. तीस वर्षं माझ्यासाठी राखली म्हणे! कुणी मागितली होती, मामू? मागितली नव्हती, पण घेतली मी, दोन्ही हातांनी घेतली. तुमचा राग येतो, धाकट्या मालकांचा येतो, आणि सगळ्यात जास्त ज्या बाईचा येतो ती रोज आरशात दिसते. घरच्या माणसाला तुम्ही एकदा जरी म्हणाला असतात की मीठ कमी आहे, तरी तुमची जीभ शाबूत आहे हे मुमानींना कळलं असतं, आणि मग माझं नावही निघालं असतं. ते निघू नये म्हणून तुम्ही त्या दिवशी अळणी सालन बोटं चाटून खाल्लंत, आणि समोर वाढणाऱ्या बायकोला मीठ मागितलं नाही.