पावसाळ्यात बरा होणारा कुत्रा

आमच्या घरात मराठी पुरतं समजणारा एकच जीव होता, आणि तो कुत्रा होता. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. आमचे हे रेल्वेत गार्ड, निम्मा महिना लाइनवर, आणि घरी असले की झोपलेले. मुलं झाशीतच जन्मलेली. आजीनं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणार, तेही दाराकडे पळत पळत. मी स्वतः इथल्याच रेल्वे क्वार्टरांत वाढलेली. माझं मराठी असं, की एखादं वाक्य ऐकून सासूबाई माझ्याकडे बघतच राहायच्या. राहता राहिला कुत्रा. त्याच्याशी त्या सकाळपासून बोलायच्या आणि तो ऐकायचा.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. सासरे गेल्यावर नगरजवळचं गाव सोडून त्या आमच्याकडे आल्या, त्या कायमच्याच. हिंदी त्यांना शेवटपर्यंत आली नाही आणि शिकायचीही नव्हती. शेजारच्या भाभी, एका ड्रायव्हरची बायको, येता-जाता "अम्मा, का हो रओ?" म्हणून विचारायच्या. आई "बरंय बाई" म्हणायच्या. झालं संभाषण. सुरुवातीला त्या तासन्‌तास ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायच्या. मला ते बघवायचं नाही, पण घरचं करून माझ्याकडे गप्पा मारायला वेळ कुठला?

मग छावणीतल्या एका मराठी फौजी कुटुंबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपलं तांबूस पिल्लू आमच्या पदरात टाकलं. मला नको होतं. मी स्पष्ट सांगितलं, मी याचं काही करणार नाही. आईंनी त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तुला कोण सांगतंय करायला? खंडोबाचं कुत्रं आहे ते, आपणहून दारी आलंय." खंडोबा आमचं कुलदैवत, आणि त्याच्याबरोबर कुत्रा असतोच. त्यामुळे विषय संपला. मुलांनी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं. त्या नावाला त्यानं कधी ओ दिली नाही. आईंनी "लेकरा" म्हटलं की मात्र कुठूनही धावत यायचा.

आईंच्या ताटातला पहिला घास त्याचा. पाटावर बसायचं, भाकरी मोडायची, कालवणात बुडवायची आणि हात पाटाशेजारी न्यायचा. तो तिथं बसलेलाच असायचा. मग हळूहळू दुसरा घासही त्याचा, तिसराही. मी चिडायचे, "आई, तुम्ही जेवताय का त्याला भरवताय?" त्या म्हणायच्या, "दोन्ही."

तो दोनेक वर्षांचा झाला आणि त्या उन्हाळ्यात बिघडला. झाशीचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि लू अशी वाहते की दाराची कडी हाताला चटका देते. कुत्रा पेंगायला लागला. उठला की धापा टाकायचा. खाल्लेलं कधीकधी ओकायचा. एकदा अंगणात त्याची लघवी बघितली तर कोऱ्या चहाच्या रंगाची. आईंनी त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या नेहमी गुलाबी असायच्या, त्या फिकट पडल्या होत्या.

"लू लागलीय," आई म्हणाल्या. त्याच वेळी भाभींनी कुंपणावरून डोकावून बघितलं, त्याही म्हणाल्या, "लू लग गई है," आणि आत जाऊन हातात कांदा घेऊन बाहेर आल्या. तो वर धरून दाखवला. आईंनी जोरजोरात मान हलवली. भाषा नसताना त्या दोघींचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. लू लागू नये म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे मुलांच्या खिशात कांदा असायचाच, इथल्या लोकांच्याही असतो. आईंनी त्या दिवसापासून कुत्र्याला दहीभातात कांदा बारीक चिरून कालवून द्यायला सुरुवात केली. त्याला दही आवडायचं, त्यामुळे कांद्यासकट चाटूनपुसून खायचा. आणि दिवसेंदिवस जास्तच मलूल होत गेला.

शेवटी मी त्याला रिक्षात घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी कानामागे बघितलं, दोन गोचीड सापडले. म्हणाले, "किलनी का बुखार है, बहनजी. यही खून खराब करता है." मग विचारलं, "खिलाते क्या हैं?"

मी म्हटलं, "दूध-रोटी."

खोटं नव्हतं ते. सकाळ-संध्याकाळ त्याच्या थाळीत मी दूध-पोळीच घालायचे. हाताचा घास आपण कुठं खाण्यात धरतो? दहीभाताचं तर डोक्यातही आलं नाही. ते औषध होतं ना!

इंजेक्शनं सुरू झाली. मी अंगण फिनाइलनं धुतलं, त्याचं गोणपाट जाळलं, त्याला औषधाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. गोचीड गेले, पण कुत्रा सुधारेना. तशात आली कांदेनवमी. आषाढी एकादशीपासून आमच्या घरात कांदा, लसूण, वांगं बंद, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला सुटायचं. म्हणून आदल्या नवमीला घरातला होता-नव्हता तेवढा कांदा संपवायचा. भजी, थालीपिठं, झुणका, सगळं कांद्याचं. मुलांची चैन. मुलं खाणार म्हणजे आईंचं लेकरूही खाणार. एकादशीच्या दिवशी तो उठलाच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक. आई उपाशी होत्याच, त्याच्याजवळ बसून राहिल्या. मी परत डॉक्टरांकडे. त्यांनी आणखी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, बघू या.

आणि काय सांगू, कुत्रा बरा झाला! श्रावण लागेपर्यंत हिरड्या गुलाबी, भाद्रपदात गणपती आले तेव्हा स्वारी अंगणात उड्या मारत होती. मी डॉक्टरांना पेढे नेऊन दिले. आईंनी खंडोबाला नवस केला होता, त्यांच्या मते श्रेय त्याचं. मी म्हटलं, कुणाचं का असेना, माझ्या डोक्याचा ताप गेला.

चंपाषष्ठीला आई पहाटे उठल्या. यांनी मानिक चौकातल्या बाजारातून बाजरी आणून ठेवली होती. रोडगे झाले, वांग्याचं भरीत झालं, त्यात कांद्याची पात आणि वर कच्चा कांदा, सढळ हातानं. देवाला नैवेद्य दाखवला. मग खंडोबाच्या कुत्र्याला त्याचं ताट. हळदीचं बोट कपाळाला लावलं, ओवाळलं, आणि भरीत-रोडगा समोर ठेवला. गावाकडं यासाठी दारोदार कुत्री शोधत फिरावं लागायचं, इथं घरचंच होतं. आईंना याचं कोण कौतुक! ताट संपल्यावर त्यांनी अजून वाढलं. दुसऱ्या दिवशी उरलेलंही त्यालाच. शिवाय आता कांदा सुटला होता, म्हणजे रोजचं पिठलं, रोजची भजी, रोजचा घास पुन्हा सुरू.

आठवडा झाला नसेल, अंगणात पुन्हा तो कोऱ्या चहाचा रंग. मला रडूच आलं. राग जास्त आला खरं तर, कुणावर ते कळेना. यावेळी तो इतका भराभर खचला की मुलांनीसुद्धा खेळणं सोडलं. आई मला म्हणाल्या, "हा गेला तर मी गावाकडं जाते. इथं कुणाशी बोलू?" त्या असं कधी बोलत नसत. गावाकडं त्यांचं कुणी राहिलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

डॉक्टरांनी रक्त काढून काचेवर घेतलं, बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघितलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "किलनी वाला कीड़ा नहीं है. खून के कण अपने आप फूट रहे हैं." पुढे म्हणाले, "एक बात समझ में नहीं आती. किलनी तो बरसात में बढ़ती है. आपका कुत्ता बरसात में ठीक हुआ और जाड़े में फिर बीमार. उल्टा है. बरसात में घर में क्या अलग था?"

आता हे मला विचारायचं? चातुर्मासात आमच्या घरात काय वेगळं असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! मला कांद्याशिवाय जेवण जात नाही. आईंच्या धाकानं दर वर्षी ते महिने मी कशी काढते ते मला माहीत. मी फणकाऱ्यानंच म्हटलं, "हमारे यहाँ बरसात में प्याज़-लहसुन बंद रहता है, और क्या अलग होगा!"

डॉक्टरांनी लगेच विचारलं, "कुत्ते को प्याज़ खिलाते हैं आप?"

"नहीं," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता दहीभात आठवला, भजी आठवली, भरताचं ताट आठवलं, आणि पाटाशेजारी जाणारा तो हात. "हाँ," मी म्हटलं. "बहुत."

त्यांनी समजावून सांगितलं. कांदा, लसूण, कच्चं असो की शिजवलेलं, कुत्र्याच्या रक्ताला सोसत नाही. माणसाला काही होत नाही, कुत्र्याचं रक्त मात्र फुटतं. औषध असं काही नाही. कांदा बंद करायचा आणि नवं रक्त तयार होईपर्यंत तो टिकतो का ते बघायचं.

रिक्षात तो माझ्या पायांवर पडून होता आणि मी विचार करत होते, आता हे घरी सांगायचं कसं. मी तोंडाची फटकळ, सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध. पण त्या दिवशी मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. शेवटी दारातच सांगून टाकलं. आधी आई माझ्यावरच उखडल्या. "कांद्यानं कुणी मरतं होय? आमच्या गावातली कुत्री काय खात होती मग? आणि चंपाषष्ठीचं? तो देवाचा प्रसाद आहे!"

"देवाला झेपतो, याला नाही झेपत," मी म्हटलं.

त्यांनी कुत्र्याला माझ्या हातांतून घेतलं. गोणपाटावर ठेवलं, त्याच्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "उन्हाळाभर मीच भरवला की गं." मी म्हटलं, "आई, तुम्हाला काय माहीत, कुणालाच माहीत नव्हतं." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि त्याला मराठीत काहीतरी सांगत होत्या. मी आत निघून गेले. त्यांचं ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

कुत्रा वाचला. सगळी थंडी गेली त्यात. आई त्याला दूधभात चमच्यानं भरवायच्या आणि रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघायच्या. होळीच्या सुमाराला त्यानं कुंपणावरून भाभींच्या मांजरीवर झेप घेतली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मांजर सोडून सगळ्यांनी.

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आईंच्या ताटात कांदा नव्हता. ज्या बाईला भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा लागायचाच, ती साधं वरण-भात-भाजी जेवत होती, आणि भाजीही बिनकांद्याची वेगळी काढायला सांगायची. मी म्हटलं, "आई, चातुर्मास संपून किती दिवस झाले! तुम्ही खा, फक्त त्याला देऊ नका."

"समोर येऊन बसतो तो," आई म्हणाल्या. "त्याला नाही म्हणता येत नाही मला. कांद्याला येतं."

मी कपाळाला हात लावला. हे थोड्या दिवसांचं खूळ आहे असं मला वाटलं होतं. यांनाही तसंच वाटलं. पण त्या बाईनं कुत्रा होता तोवर कांद्याला हात लावला नाही. चंपाषष्ठीला देवाचं भरीत पूर्वीसारखंच कांदा घालून व्हायचं, आम्ही सगळे ते खायचो. कुत्र्याच्या ताटात तूप-गूळ घालून कुस्करलेला रोडगा, आणि आईंसाठी वांगं भाजून नुसतं मीठ-तिखट घालून बाजूला काढलेलं. मला तेवढं एक काम वाढलं. कुरकुरत का होईना, मी ते करत गेले.

कुत्रा म्हातारा होऊन गेला. डोळे गेले होते, दात पडले होते. एका दुपारी आईंच्या पाटाजवळ झोपला तो उठला नाही. आई फार रडल्या नाहीत. पुढे काही दिवस ओट्यावर बसायच्या, पहिल्यासारख्या, रस्त्याकडे बघत.

मग चंपाषष्ठी आली. मी आईंचं ताट वाढलं. म्हटलं, आता कुणाची अडचण नाही, इतक्या वर्षांनी बिचारीला तिचं आवडतं खाऊ दे. भरपूर कांदा घातलेलं भरीत वाढलं, वर पातीचा कांदाही ठेवला. आईंनी बघितलं. रोडगा मोडला, भरताला लावला आणि हात पाटाशेजारी नेला.

हात तिथंच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, घास ताटात परत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बिनकांद्याचं आहे का गं थोडं?"

होतं. हाताच्या सवयीनं मी ते सकाळीच वेगळं काढून ठेवलं होतं.