शिर्डीचा मुक्काम

माझी थोरली बहीण विमान चालवते. देवळाली प्रवरात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हंजी आत चहापानी द्यायला?" नाही, पुढं बसून, असं समजावून सांगावं लागतं. आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे गावानं शेवटी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला: बापानं खालची गाडी चालवली, पोरीनं वरची घेतली.

दोन वर्षांपूर्वी तिला शिर्डीची फेरी लागायला लागली. रात्रभर दोन-तीन शहरं करून ती सकाळी शिर्डीला उतरायची आणि तिचं पुढचं उड्डाण थेट रात्री असायचं. मधला सगळा दिवस विश्रांतीचा. त्याला त्यांच्यात लेओव्हर म्हणतात. आमच्या घरात त्यासाठी शब्द आधीपासून होता. आप्पांची निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली होती. संध्याकाळची शेवटची एसटी अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एखाद्या गावात न्यायची, तिथंच देवळात नाहीतर गाडीच्या बाकावर झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत निघायचं. त्यामुळे आई लेओव्हरला सरळ मुक्काम म्हणायची.

कंपनी शिर्डीत हॉटेल देते. गार खोली, जाड पडदे, दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी. बाकीचे पायलट तिथं झोपतात. पण शिर्डीहून आमचं घर गाडीनं तासा-दीड तासावर, आणि घरात आई आजारी. कॅन्सर पोटात पसरला होता. नगरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमचं घर ताईच्या रोस्टरवर, म्हणजे तिच्या ड्युटीच्या वेळापत्रकावर, चालायला लागलं. शिर्डी लागली की आई सकाळीच माझ्याकडून केस विंचरून घ्यायची. हॉटेल सोडून घरी जायला कंपनीची बंदी नव्हती. मात्र रात्री विमानात बसताना झोप झालेली हवी.

गाळपाचे दिवस होते. कोल्हारच्या पुढं उसाच्या डबल ट्रॉल्या रस्ता अडवून चालायच्या आणि ताईची टॅक्सी त्यांच्या मागं बैलगाडीसारखी यायची. ती दारात उतरायची तेव्हा डोळे तांबारलेले, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात चाकाची बॅग. समोरच्या काकू दरवेळी तेच विचारायच्या.

"विमान कुठं लावलं गं?"

"कारखान्यावर, काकू. वजनाच्या रांगेत हाय."

काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. तेवढा विनोद झाला की आप्पा पुढं व्हायचे.

"झोप आधी. बोलनं मागून."

ताई आईच्या खाटेपाशी टेकायची, तिच्या कपाळावरून हात फिरवायची, आणि आप्पा आतल्या खोलीचा पंखा लावून उभे. मग ती जायची. पडल्या पडल्या झोपायची, बूट काढलेला पाय तसाच खाटेबाहेर. आप्पा ओसरीत बसून राखण करायचे. भाजीवाल्याला हातानंच पुढं पाठवायचे, कुकर लावू द्यायचे नाहीत. उठली की तिचं जेवण व्हायचं, टॅक्सी आलेली असायची, पुन्हा कपाळावर हात, आणि गाडी चालू.

मी आप्पांच्या बाजूचा होतो. यात मला आजही लाज वाटत नाही. मी पत्रकांवर वाढलो. आमच्या खाटेखाली कामगारांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, बाराखडी मी त्यांवरच गिरवली. आप्पांनी स्वतः लिहिलेलं एक पत्रक होतं: झोप न झालेला ड्रायव्हर म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. डबल ड्युटी नाकारली म्हणून त्यांच्या बदल्या झाल्या, पण डोळ्यांवर झोप असताना त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती भांडून मिळवलेली आहे, आणि भांडून मिळवलेली वस्तू माणसानं उधळू नये, हे मला पटलेलं होतं. ताईच्या मागं दीड-दोनशे माणसं बसतात. त्यांनाही आया आहेत.

पण त्या पत्रकांची खळ आई शिजवायची. गव्हाच्या पिठाची, मोठ्या पातेल्यात, गुठळी होऊ न देता. कागद भिंतीला लावायला ती आप्पांबरोबर हिंडली होती, त्यामुळे घोषणा तिला आमच्याइतक्याच पाठ होत्या.

एकदा ताई अशीच झोपून, जेवून, निघून गेली. टॅक्सीचा आवाज वळणाआड गेल्यावर आई आप्पांना म्हणाली, "अहो, तुमच्या त्या कागदात तीन आठ हुते ना?"

"कंचे तीन आठ?"

"आठ तास कामाचे, आठ तास झोपंचे. तिसरे आठ कुनाचे हुते?"

आप्पा म्हणाले, "आपले सोताचे."

"मग पोरीचे तिसरे आठ कुठं गेले? येती ती झोपती, उठती ती जाती. आधी तुमची झोप राखली जल्मभर. आता हिची राखते. मी बोलायचं कवा?"

मी काहीतरी बोलायला गेलो, वैमानिकांचे नियम, विश्रांतीचे तास वगैरे. आई म्हणाली, "तू भाषन नको करू. मला एक दुपार पायजे. जागी असलेली पोरगी पायजे. लहानपनी शाळंतनं आली की दप्तर टाकून समदं सांगायची, कोन काय बोललं, कुनी चिडवलं. आता मला कायबी सांगत न्हाई. बरी हाय म्हनती. किती बरी हाय ते मला दिसतंयच की."

एवढंच तिला हवं होतं. तिची मुदत डॉक्टरांनी सांगितली नव्हती, पण तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

पुढच्या मुक्कामाला आप्पा स्वतःच ताईला म्हणाले, "आज तासभर आईजवळ बस. मग झोप." आप्पांच्या तोंडून हे ऐकून ताईला भीतीच वाटली असावी. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. पण आदल्याच दिवशी आईच्या दुखण्यावर डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली होती. ताई मांडी घालून खाटेशी बसली, तोवर आईचा डोळा लागला होता.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको. उठेल."

तास गेला. आप्पांनी आतल्या खोलीचा पंखा लावला. ताई उठली नाही. दुसऱ्यांदा ते दारात आले तेव्हा तिनं नको म्हणून मान हलवली. दुपार उन्हासारखी हळूहळू ओसरीतून सरकली. आई मध्येच कण्हायची, ताई पुढं वाकायची, आणि आई परत आत कुठंतरी जायची. मी ताईला चहा दिला. ती तो हातात धरून बसली आणि तसाच गार झाला.

उन्हं कलली तशी टॅक्सी आली. ताईनं तोंड धुतलं, केस बांधले, टाय नीट केला. आरशातून तिला मागं आप्पा दिसले.

"झोप झाली?"

"गाडीत झोपेन, आप्पा."

"मी झाली का इचारलं."

ती खोटं बोलू शकली असती. हॉटेलवर विचारायला कोणी बसलेलं नव्हतं. रात्रीच्या कागदावर मी तंदुरुस्त आहे असं लिहून सही करायची, एवढंच. आप्पांनी हात जोडले, विनवल्यासारखे. कशासाठी ते तेव्हा कळलं नाही. तिनं जावं म्हणून, की राहावं म्हणून.

ताई अंगणात गेली आणि तिनं फोन केला. कंपनीची माणसं इंग्रजीत बोलतात, तीही इंग्रजीतच बोलली, पण एक वाक्य कुणालाही कळलं असतं. आज मी उडण्याच्या स्थितीत नाही. पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. मग टॅक्सीवाल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही जा." आत येऊन पट्ट्या काढून तिनं कोनाड्यात ठेवल्या.

त्या रात्रीचं विमान दुसऱ्या शहरातून पायलट येईपर्यंत खोळंबलं. दर्शन करून निघालेली माणसं लेकरांसह विमानतळावर ताटकळली. ते आप्पांना लागलं. त्यांनी ड्युटी नाकारली तरी गाडी दुसरा कुणीतरी न्यायचा, त्यांनी ती एकट्यानं कधी उभी ठेवली नव्हती. संपाच्या दिवसांत ठेवली ती सगळ्यांबरोबर.

दिवेलागणीला आईनं डोळे उघडले. समोर ताई बघून ती दचकली.

"अगं बाई, गाडी गेली का तुझी?"

"गेली. आज मुक्काम हितंच."

"खोटं."

"आप्पाला इचार."

आईनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "हाय. मुक्काम हाय." मग ते उठून बाहेर गेले, आणि जाताना मलाही खुणेनं बोलावलं. ओसरीतून आम्हाला शब्द तुटक तुटक ऐकू येत होते. ताई एका कॅप्टनची नक्कल करत होती, विमान टेकवताना तो कसा आवंढा गिळतो त्याची. शिर्डीला चाकं टेकली की मागं सगळं विमान एका सुरात जयजयकार करतं आणि तिला दरवेळी वाटतं, हा आपलाच, हे ती सांगत होती. आई हसली, हसताना दुखलं, "हसवू नको गं मेले," असं म्हणाली आणि परत विचारलं, "मग?" मध्ये एकदा ताई रडली. का, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. तिच्याकडं आईला सांगण्यासारखं बरंच काही साठलं होतं, एवढं मला ओसरीत बसून समजलं.

पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये शिर्डी नव्हती.

शिक्षा असं कोणी म्हटलं नाही. स्पष्टीकरण मागितलं, तिनं दिलं, थकलेल्या वैमानिकानं उडू नये हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे, म्हणून त्यांनी तिचे आभारसुद्धा मानले. आणि तिला ईशान्येकडच्या फेऱ्या दिल्या. तिथून घरी यायचं तर दोन विमानं आणि पुण्याहून पुढं गाडी. ताई सुट्टीसाठी लिहीत राहिली, उत्तर येत राहिलं, पाहू. हक्क कागदावर देतात आणि तो वापरला की वेळापत्रकातून काढून घेतात, ही मालकांची जुनी रीत आहे. आप्पांच्या वेळी तिला बदली म्हणायचे, आता तिला शब्दच नाही. मी त्यावर पत्रक लिहिलं. रागानं लिहिलं आणि ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "चांगलं आहे. पण त्यात आईला घालू नकोस." आईशिवाय त्या पत्रकात काही उरत नव्हतं. मी ते छापलं नाही.

आई रोज विचारायची, "आज हाय का मुक्काम?" आप्पा म्हणायचे, "उद्या." जन्मात एकाही वरिष्ठाशी खोटं न बोललेला माणूस. तिला ते खोटं कळत होतं असं मला वाटतं, कारण ती पुढं "कवा?" असं विचारायची नाही.

आई एका सकाळी गेली तेव्हा ताई हवेत होती आणि फोन बंद होता. ताई पोचली तेव्हा चिता विझत आली होती. सावडणं झालं, दहावा झाला, तेरावा झाला, रजा संपली.

आणि उन्हाळ्यात तिला पुन्हा शिर्डी लागली. कंपनीच्या मनात दया आली असेल किंवा कुणीतरी दुसऱ्यानं ती फेरी नाकारली असेल. आता ताई घरी येत नाही. हॉटेलातच राहते. आम्ही तिला का म्हणून विचारत नाही.

आप्पाच जातात. सकाळची एसटी धरून राहुरी, तिथून शिर्डी. एकदा मी बरोबर गेलो. हॉटेलच्या लॉबीत भाविकांच्या बॅगांच्या ढिगाशेजारी ते गुडघ्यावर टोपी ठेवून बसून राहिले. रिसेप्शनच्या मुलीनं विचारलं, वर फोन लावू का. ते म्हणाले, "नको, झोपू द्या." दुपारभर आम्ही तसेच बसलो. ताई खाली आली ती गणवेशात, बॅग ओढत. बाहेर कंपनीची गाडी दार उघडून उभी होती.

आप्पा तिच्याबरोबर चालायला लागले. आयुष्यभर घरात चार वाक्यांच्या वर न बोललेला हा माणूस भराभर सांगत सुटला होता. समोरच्या काकूंच्या गायीला कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका हाय. तुझ्या वर्गातल्या त्या भांडकुदळ पोरीचं लग्न मोडलं हुतं, ते परत जमलं. कालव्याला पानी सुटलंय. डाळिंबाच्या झाडाला ह्या वर्षी फूल हाय, पन गळतंय. ताई गाडीच्या दारापाशी थांबली, एक पाय आत ठेवून, आणि म्हणाली, "मग?"

ड्रायव्हरनं घड्याळाकडं पाहिलं. आप्पा पुढचं काहीतरी आठवायला लागले.