सरांच्या पायातलं रबर

नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत इंदापुरात माझा कॉम्प्युटर क्लास होता. एक खोली, चार मशीन, आणि दारावर माझ्या हातची पाटी: चपला बाहेर काढाव्यात. धुळीनं मशीन बिघडतं यावर माझी गाढ श्रद्धा. विद्यार्थी अनवाणी आत यायचे. मी तेवढा खास आत वापरायच्या रबरी स्लिपर घालून हिंडायचो. सर म्हटल्यावर एवढा मान घ्यायला हरकत नाही, असं मला वाटायचं.

एका वर्षी मी पुण्याहून साउंड कार्ड आणलं. मशीन उघडून ते खाचेत बसवलं, स्पीकर जोडले, आणि इतके दिवस मुकं असलेलं मशीन गायला लागलं. मी गावभर सांगत सुटलो. त्या बढाईच्या भरातच एका विद्यार्थिनीला शब्द देऊन बसलो. ती डाळजची, रोज एसटीनं यायची. रेडिओवर निवेदिका व्हायचं तिनं मनावर घेतलं होतं. अर्जासोबतची आवाजाची कॅसेट शनिवारी पोस्टात पडायला हवी होती, नाहीतर भरतीची पुढची जाहिरात कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

"कॉम्प्युटरवर घेऊ, मग कॅसेटवर उतरवू. चुकलं तेवढं कापता येतं," मी म्हणालो.

गुरुवारी माइक लावला. तिनं बाजारभाव वाचले. एरवी हाय-न्हाय बोलणारी ही मुलगी माइकपुढं बसली की तिचा एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखा यायचा. मी थक्क झालो. पण ऐकायला लावलं तर तिच्या आवाजामागं सतत गुणगुण, आणि माउस हलवला की वर किरकिर. किरकिरीचं कारण मला सापडलं. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कार्डाला खेटूनच मी हे कार्ड बसवलं होतं. शेवटच्या खाचेत हलवल्यावर किरकिर थांबली. गुणगुण मात्र हटेना. माइक बदलला, वायरी बदलल्या, शेजारच्या गिरणीवाल्याशी भांडून त्याची पिठाची गिरणी तासभर बंद ठेवायला लावली. गुणगुण जशीच्या तशी. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी तिलाच म्हणालो, "तुझ्या श्वासाचा आवाज येतोय, त्यानं सगळं बिघडतंय." हे धडधडीत खोटं होतं. तिनं श्वास आवरून पुन्हा वाचलं.

शुक्रवारी ती वडलांना घेऊन आली. त्यांना सगळे तात्या म्हणत. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा त्यांचा धंदा. पळसदेवपर्यंतच्या धरणकाठच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पाटी वाचून त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी त्यांना कार्ड म्हणजे काय, खाच म्हणजे काय, हे पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि हाताची मागची बाजू अलगद मशीनच्या पत्र्याला टेकवली.

"झिणझिण्या येत्यात."

"शक्यच नाही, तात्या. मी रोज हात लावतो."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. "सर, तुमच्या पायात रबर हाय. तुमाला कसं कळंल?" मग लेकीकडं वळले. "तुला कळत नव्हतं व्हय?"

"पहिल्या दिवसापासनं येत्यात," ती म्हणाली. "समद्यांनाच येत्यात. मला वाटलं, कॉम्प्युटरचं असंच असतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी इतके महिने करत होतो.

तात्यांनी प्लग उपसला. बोर्डात बसेना म्हणून त्याची अर्थिंगची जाड पिन मीच पक्कडीनं तोडली होती, चारही मशीनची. ते एका शब्दानं लागेल असं बोलले नाहीत. नवे प्लग लावले, तीन पिनांचा बोर्ड लावला, त्याची तिसरी वायर बाहेर नेऊन मीटरजवळच्या अर्थिंगच्या पाइपला आवळली. पाइपचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. त्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं.

"मोटार असू दे न्हायतर कॉम्प्युटर," ते म्हणाले, "आधी खड्ड्याला पाणी."

मग आत येऊन पुन्हा पत्र्याला हात टेकवला आणि लेकीला म्हणाले, "वाच आता."

ती वाचत गेली. नंतर आम्ही ऐकलं तेव्हा दोन वाक्यांच्या मधे नुसती शांतता होती. तात्या डोळे मिटून ऐकत होते. इतक्या चांगल्या कारागिराला मी पंधरा मिनिटं शिकवलं, याची मला आजही लाज वाटते.

कॅसेट शनिवारी सकाळी पोस्टात पडली. सोमवारी मी स्लिपर दाराबाहेर काढल्या, त्या परत आत आल्या नाहीत.

काही महिन्यांनी तिला रेडिओवर बाजारभाव सांगताना मी ऐकलं. कांद्यावरून टोमॅटोकडं वळताना तिनं श्वास घेतला, तो मला स्पष्ट ऐकू आला. "चुकलं माझं," मी रेडिओला म्हणालो. तिला तोंडावर म्हणायचं राहूनच गेलं होतं.