क्लबच्या मैदानावरचे दोन खांब

आमच्या वस्तीतल्या क्लबने मुलींना फसवलं. मैदान देतो म्हणाले, त्यांच्या जिवावर नाव करून घेतलं आणि मग मैदान काढून घेतलं. कोलकात्याजवळच्या या बजबजमध्ये स्टेशनापासून नदीच्या घाटापर्यंत हे मी ज्याला त्याला सांगितलं आहे. आता सांगतानाही दमायला होतं, म्हणून एकदाच लिहिते.

नवरा इथल्या तेलाच्या डेपोत नोकरीला, म्हणून मी साताऱ्याहून इथे आले. घरात बसवेना, तेव्हा तागाच्या पिशव्या शिवून विकायला लागले. आज माझ्या कारखान्यात वस्तीतल्या बायका शिवतात. ताग विकणारे दलाल मला पाहिलं की आधी चहा मागवतात, कारण भाव मनासारखा होईपर्यंत मी उठत नाही हे त्यांना माहीत आहे. माझं तोंड फटकळ आहे, तेही माहीत आहे.

शाळा सुटली की बायकांच्या मुली कारखान्यात येऊन आयांजवळ बसायच्या. समोरच्या मैदानावर मुलगे फुटबॉल खेळायचे आणि या दारातून बघायच्या. मी शाळेत खो-खो खेळलेली. एक दिवस वैतागून सगळ्यांना उठवलं, मागच्या बोळात ओळीने उकिडवं बसवलं आणि खो कसा द्यायचा ते दाखवलं. बोळात पळायला जागा पुरेना, म्हणून मैदान मागायला क्लबात गेले.

सेक्रेटरी कॅरम खेळत होते. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. ते मला बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी.

“बर्गी आले रे,” बोर्डावरची नजर न काढता ते म्हणाले. मराठ्यांच्या जुन्या स्वाऱ्यांवरून इथे आम्हाला अजून बर्गी म्हणून चिडवतात. “तुमच्या भीतीने कोलकात्यात बागबाजारला खंदक खणला होता, बौदी. आता बजबजलाही खणावा लागणार.”

“तो तरी पुरा कुठे केलात, दादा?”

सगळे हसले. चहा आला. मुलगे यायच्या आधी, दुपारी उन्हं कलली की मुलींनी खेळावं, याला त्यांची हरकत नव्हती. घोडं खांबांपाशी अडलं. खो-खोला दोन टोकांना दोन पक्के खांब लागतात. पळणारी खांब धरून वळते, तो हलता असला तर हात मोडतो.

“रोज आणा, रोज काढा,” सेक्रेटरी म्हणाले.

“गोलपोस्ट तुम्ही रोज काढता?”

“गोलपोस्टची गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी ते समजावून सांगा. मला घाई नाही.”

त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं की खांब उभे राहिले म्हणजे मैदानावर मुलींचाही हक्क झाला. म्हणून ते नको म्हणत होते, आणि म्हणूनच मला ते हवे होते. पुन्हा चहा झाला. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे. पण मुली क्लबच्या नावाने खेळतील. जिंकल्या तर कप आमच्या कपाटात.” मी कबूल केलं. कप त्यांचा, मैदान आणि खांब मुलींचे, बारा महिने. कॅरमभोवतीच्या सगळ्यांच्या देखत हे ठरलं.

माझ्याकडे पिशव्यांना बंद लावणाऱ्या बाईची थोरली मुलगी सगळ्यांत चपळ निघाली. तिचा बाप तागाच्या गिरणीत कामाला. त्याने खेळायला सोडलं ते एकाच अटीवर. “मैदान माझ्या दारातून दिसतं. दिसतंय तोवर खेळू दे.” सुरुवातीला ती ओढणी सावरत पळायची. मग ओढणी कमरेला गेली. पुढे पुढे ती अशी झेप घ्यायची की बाप ड्यूटीला जाता जाता सायकल थांबवून बघायचा.

त्या वर्षी मुलींनी कप आणला. क्लबने त्यांना टेम्पोवर चढवून ढोल वाजवत वस्तीभर फिरवलं. थंडीत जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती आणि या मुलीचं नाव गेलं होतं.

त्याआधी दुर्गापूजा आली. मंडपासाठी मैदान मोकळं करायचं म्हणून गोलपोस्ट निघाले, खांबही निघाले. त्याला कोण नाही म्हणणार? पूजा झाली, बांबू उतरले, खड्डे बुजले, गोलपोस्ट परत उभे राहिले. खांब काही आले नाहीत. विचारलं की सेक्रेटरी म्हणायचे, “बघतो, बौदी.” ते बघत होते तोवर मुलींच्या वेळेत मुलग्यांचं क्रिकेट कोचिंग सुरू झालं.

खांब मला क्लबच्या फाटकाशी सापडले. रंग दिलेले, आणि मध्ये बॅनर ताणलेला. स्त्रीशक्तीसाठी क्लब काय काय करतो ते त्यावर लिहिलं होतं. खाली कप धरलेल्या आमच्या मुलींचा फोटो.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. “रागावता कशाला? मुली खेळल्या, कप आला, नाव झालं. अजून काय पाहिजे?” कॅरमवाल्यांनी सोंगट्या मांडायला घेतल्या. सौदा कोणालाच आठवत नव्हता.

मी रुळांपलीकडच्या एका शाळेचं मैदान मिळवलं. मुली यायला लागल्या, बंद लावणाऱ्या बाईची ती थोरली सोडून. मी तिच्या बापाकडे गेले.

“रुळांपलीकडे नाही.”

“मी स्वतः घेऊन जाईन, स्वतः आणून सोडीन.”

“तुमच्यावर विश्वास आहे, बौदी. पण मी सांगितलं होतं, दिसतंय तोवर.” मग म्हणाला, “क्लबचं मैदान परत आणा. उद्या पाठवतो.”

त्याने भाव सरळ सांगितला होता. घासाघीस करायला त्यात काही नव्हतं, आणि देण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं. मी पुन्हा क्लबात गेले, पुन्हा भांडले, पुन्हा चहा प्यायले. निवड होऊन गेली. ती गेली नाही.

आता ती शाळा सुटली की माझ्याच कारखान्यात आईशेजारी बसून पिशव्यांचे सुटे धागे कापते. नको करूस म्हटलं तर म्हणते, “घरी बसून तरी काय करू, काकिमा?” हात चलाख आहे. मला तिकडे बघवत नाही. बाकीच्या मुली रुळांपलीकडे खेळतात, एकेक करून कमी होतात, आणि मी रोज त्यांना नेते आणते. पाय दुखतात.

मला कप नको, माफीही नको. सेक्रेटरींनी कॅरमवरून उठावं, त्या मुलीच्या दारात जावं आणि बापाच्या देखत तिला सांगावं की तिचं मैदान कोणी काढून घेतलं आणि का. तुमची उत्तरं मी खूप ऐकली, दादा. आता उत्तर तिला द्या.